मूलनिवासी आणि चिकित्सक कॅनडा-अभ्यासातील पोस्टडॉक्टरल फेलोशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातील विद्यापीठांत मूलनिवासी अभ्यास आणि चिकित्सक कॅनडा-अभ्यास या जोडविषयात पीएचडीनंतरचे संशोधन करू इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रकमा, मुदती आणि पात्रतेच्या अटी वरचेवर बदलतात, त्यामुळे अर्जापूर्वी त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी.

१. या फेलोशिपचा विषय नेमका काय असतो? 'चिकित्सक राष्ट्र-अभ्यास' म्हणजे काय समजायचे?

फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी हे कॅनडातील तीन मूलनिवासी समूह आहेत. १९८२ च्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमाने त्यांचे हक्क मान्य केले असून २०२१ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या सुमारे १८ लाख, म्हणजे देशाच्या साधारण ५ टक्के, नोंदवली गेली. या समूहांचा इतिहास, कायदा, भाषा आणि भूमी यांचा अभ्यास त्यांच्या स्वतःच्या ज्ञानपरंपरेला प्रमाण मानून करणे हा मूलनिवासी अभ्यासाचा गाभा आहे.

चिकित्सक राष्ट्र-अभ्यास, म्हणजे येथे चिकित्सक कॅनडा-अभ्यास, त्याच वस्तूकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. कॅनडा हा शांतताप्रिय, सर्वांना सामावून घेणारा देश आहे, ही कथा कोणी रचली, कोणत्या कायद्यांच्या आणि नोंदींच्या आधाराने ती टिकली आणि तिच्यातून कोण वगळले गेले, हे तो विचारतो. १८७६ चा इंडियन ॲक्ट (येथे 'इंडियन' म्हणजे फर्स्ट नेशन्स लोक), सुमारे दीड लाख मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा, १८८५ पासून चिनी स्थलांतरितांवर बसवलेला डोईपट्टी कर आणि भारतीयांना रोखण्यासाठी १९०८ मध्ये आणलेली 'अखंड प्रवासा'ची, म्हणजे मायदेशातून वाटेत न थांबता थेट येण्याची, अट हे सारे या अभ्यासाच्या कक्षेत येते. जमीन एकाकडून घेणे आणि ती कोणाला द्यायची हे ठरवणे ही एकाच धोरणाची दोन अंगे असल्यामुळे हे दोन विषय एकत्र ठेवले जातात.

२. मी भारतीय नागरिक आहे. महाराष्ट्रातून थेट अर्ज करता येतो का?

पुष्कळ ठिकाणी येतो, पण पैसा कोणाचा आहे यावर ते अवलंबून असते. विद्यापीठांच्या स्वतःच्या निधीतून दिल्या जाणाऱ्या अनेक फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुल्या असतात. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या योजनांत मात्र भेद होता : सोशल सायन्सेस अँड ह्युमॅनिटीज रिसर्च कौन्सिलची पोस्टडॉक्टरल फेलोशिप परंपरेने नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरती होती, तर बँटिंग फेलोशिप परदेशी अर्जदारांनाही खुली होती आणि परदेशी अर्जदाराने ती कॅनडातील संस्थेतच घ्यावी अशी तिची अट होती. या योजनांची आता फेररचना झाली असल्याने जुन्या अनुभवावर विसंबू नये. काही फेलोशिप फक्त मूलनिवासी अभ्यासकांसाठी राखीव असतात. त्यांबद्दल प्रश्न १२ पाहा.

भारतातील आधार शोधायचा असेल, तर १९६८ मध्ये स्थापन झालेली शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट ही संस्था पहिली. परदेशांतील कॅनडा-अभ्यासाला कॅनडा सरकार देत असलेले अनुदान २०१२ मध्ये बंद झाले आणि भारतातील अनेक अभ्यासकेंद्रांचे बळ त्याबरोबर ओसरले, त्यामुळे या संस्थेचे महत्त्व अधिकच वाढले आहे. अनुसूचित जमातीच्या अर्जदारांनी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या परदेश शिष्यवृत्तीकडेही लक्ष ठेवावे. तिच्यात पीएचडीनंतरच्या संशोधनाचाही समावेश आहे.

३. माझी पीएचडी मराठी साहित्यात आहे आणि व्हायव्हा अजून व्हायची आहे. मी पात्र ठरेन का?

विषयाची अडचण सहसा येत नाही. इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र, कायदा, भूगोल, भाषाशास्त्र, साहित्य, शिक्षणशास्त्र अशा सर्व विषयांतून लोक येथे येतात. तुमच्या प्रबंधातील पद्धत नव्या विषयाला कशी उपयोगी पडते, हे मात्र तुम्हालाच दाखवावे लागते. दलित आत्मकथनांवर काम केलेल्या अभ्यासकाला निवासी शाळांतून वाचलेल्यांच्या साक्षी वाचताना, दुःखाच्या कथनाला पुरावा केव्हा मानले जाते आणि केव्हा नाही, हा प्रश्न नवीन नसतो. हे दोन वाक्यांत सांगता आले, तर निवड समितीला पुरते.

व्हायव्हाबाबत अटी कडक असतात. बहुतेक जाहिरातींत रुजू होण्याच्या तारखेपर्यंत पदवीच्या सर्व अटी पूर्ण झालेल्या असाव्यात, असे म्हटलेले असते, आणि पीएचडी होऊन किती वर्षे झाली यावरही मर्यादा असते. आपल्याकडे प्रबंध सादर झाल्यापासून व्हायव्हा होऊन नोटिफिकेशन हातात पडेपर्यंत बराच काळ जातो, याची परदेशी कार्यालयांना कल्पना नसते. म्हणून प्रबंध सादर केल्याचा दाखला आणि अपेक्षित तारीख नमूद करणारे विद्यापीठाचे पत्र अर्जासोबतच जोडावे.

४. पैसे किती मिळतात? त्यावर कर लागतो का?

बँटिंग फेलोशिपची रक्कम सुरुवातीपासून वर्षाला ७०,००० कॅनेडियन डॉलर, दोन वर्षांसाठी, अशी होती. सोशल सायन्सेस कौन्सिलची फेलोशिप ४५,००० डॉलरची होती. कॅनडाच्या २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने केंद्रीय संस्थांच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिप ७०,००० डॉलरवर आणण्याचे आणि विखुरलेल्या योजना एकत्र करण्याचे ठरवले. विद्यापीठांच्या स्वतःच्या फेलोशिपची रक्कम संस्थेनुसार बदलते.

ही रक्कम करपात्र असते. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला मिळणारी करसवलत पोस्टडॉक्टरल फेलोशिपला लागू नाही, हे २०१० च्या अर्थसंकल्पात स्पष्ट करण्यात आले. रुपयांत गुणाकार करून आकडा मोठा दिसतो. पण कर, घरभाडे आणि थंडीचे कपडे वजा जाता काय उरते, ते त्या शहराच्या हिशोबाने पाहावे. शिवाय संशोधन-खर्च वेगळा मिळतो की याच रकमेतून करायचा, हे आधी विचारून घ्यावे, कारण समुदायांपर्यंतचा प्रवास फार महाग पडतो (प्रश्न ११).

५. कोणत्या विद्यापीठांकडे पाहावे?

पीटरबरोच्या ट्रेंट विद्यापीठाने १९६९ मध्ये या विषयाचा विभाग सुरू केला. तो कॅनडातील पहिला मानला जातो. ऑटवाच्या कार्लटन विद्यापीठात मूलनिवासी अभ्यास आणि कॅनडा-अभ्यास यांची एकत्रित शाखाच आहे. एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र विद्याशाखा आहे. रेजायना येथील फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅनडाची मुळे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयात आहेत आणि तिचा कारभार फर्स्ट नेशन्सच्या हाती आहे. निवासी शाळांच्या नोंदी आणि साक्षी सांभाळणारे राष्ट्रीय केंद्र विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठात आहे.

विद्यापीठाचे नाव मोठे आहे की छोटे, यापेक्षा ते ज्या समुदायाच्या भूमीवर उभे आहे त्याच्याशी त्या विभागाचे नाते किती जुने आहे, हे पाहावे, असे आमचे मत आहे. दोन वर्षांत नवे नाते जुळवणे अवघड असते. जुन्या नात्याच्या आधाराने काम सुरू होऊ शकते.

६. आधी मार्गदर्शक शोधायचा की आधी अर्ज करायचा? पहिल्या पत्रात काय लिहावे?

आधी मार्गदर्शक. बहुतेक अर्जांना यजमान प्राध्यापकाचे संमतिपत्र लागते आणि ते पत्र मोघम असेल तर अर्ज तिथेच कमकुवत होतो. मुदतीच्या निदान सहा महिने आधी पत्रव्यवहार सुरू करावा.

पहिले पत्र एका पानाच्या आत असावे. तुमचा प्रबंध काय दाखवतो, पुढचा प्रश्न कोणता आहे आणि तो त्याच प्राध्यापकांकडे का आणला आहे, इतके पुरे. त्यांचे एखादे लिखाण खरोखर वाचले असेल तरच त्याचा उल्लेख करावा. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला तर तो ओळखू येतो. मूलनिवासी प्राध्यापकांवर विद्यापीठाच्या समित्या, समुदायाची कामे आणि विद्यार्थी असा तिहेरी भार असतो, त्यामुळे उत्तराला वेळ लागला तर तीन-चार आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करावी आणि तेथे थांबावे.

शिफारसपत्रांबद्दल एक सूचना आहे. आपल्याकडील गाइड बहुधा सौजन्याने 'विद्यार्थी मेहनती आणि सुस्वभावी आहे' असे लिहितात. तेथे त्याचा उपयोग होत नाही. प्रबंधातील कोणते प्रकरण कोणत्या कारणाने नवे आहे, हे लिहिण्याची विनंती करावी आणि त्यांच्या सोयीसाठी संशोधन-आराखडा आधीच द्यावा.

७. संशोधन-आराखडा कसा लिहावा? महाराष्ट्राशी तुलना केलेली चालते का?

तुलना चालते, आणि चांगली असेल तर तीच अर्जाचे बळ ठरते. पण 'कॅनडातील मूलनिवासी आणि भारतातील आदिवासी यांचा तौलनिक अभ्यास' एवढ्या रुंद मथळ्याखाली आलेले आराखडे बहुतेक वेळा बाजूला पडतात, कारण त्यांत दोन मोठ्या जनसमूहांना एकाच साच्यात बसवलेले असते. तुलना दोन लोकसमूहांची न करता राज्ययंत्रणेच्या एखाद्या ठराविक साधनाची करावी.

एक उदाहरण घेऊ. १८८५ मध्ये मेटी नेता लुई रिएलच्या नेतृत्वाखाली झालेला उठाव मोडल्यानंतर प्रेअरी या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात, मूलनिवासींसाठी आखून दिलेल्या राखीव क्षेत्रांत 'पास' सुरू झाले. राखीव क्षेत्राबाहेर जायचे असेल तर सरकारी एजंटची सही असलेला छापील कागद लागे. त्यावर नाव, किती दिवस बाहेर राहणार आणि कोणत्या कामासाठी, हे लिहिलेले असे. मुलांना निवासी शाळेत भेटायला जाणाऱ्या आईबापांनाही हा कागद घ्यावा लागे. या पद्धतीला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता आणि अधिकाऱ्यांना ते ठाऊक होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. १९११ च्या कायद्यानंतर त्याची चौकट मुंबई इलाख्यालाही लागू झाली आणि पारधी, कैकाडी अशा जमातींवर हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना आणि सोलापूरसारख्या ठिकाणची सेटलमेंट लादली गेली. एकाच साम्राज्यात, जवळपास एकाच काळात, माणसाची हालचाल कागदाने बांधण्याची ही दोन रूपे आहेत. एका ठिकाणी कायदा करावासा वाटला आणि दुसऱ्या ठिकाणी कायद्याशिवायच भागले, असे का झाले, हा दोन वर्षांत झेपणारा प्रश्न आहे. त्याचे पुरावे ठराविक कागदपत्रांत आहेत आणि त्याच्या आठवणी अजून लोकांच्या कुटुंबांत सांगितल्या जातात.

आराखड्यात तीन गोष्टी स्पष्ट दिसाव्यात : पुरावा कोठे आहे, तो पाहण्याचा अधिकार कोणाकडून घेणार, आणि निष्कर्ष कोणाला परत देणार. निवासी शाळांचा इतिहास तपासणाऱ्या कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाच्या २०१५ च्या ९४ शिफारशींचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक अर्जात असतो. त्यांतील कोणत्या शिफारशीशी तुमचे काम जोडले जाते हे क्रमांकासह सांगता येत नसेल, तर तो उल्लेख गाळलेला बरा.

८. 'समुदायाची परवानगी' लागते म्हणतात. ती नेमकी कोणाची घ्यायची?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाबद्दल येतात आणि याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही.

कॅनडातील तिन्ही केंद्रीय संशोधन-संस्थांचे मानवी संशोधनाविषयीचे एक समान नीतिधोरण आहे आणि त्याचे नववे प्रकरण फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी यांच्याशी संबंधित संशोधनाला वाहिलेले आहे. संशोधनाचा परिणाम एखाद्या समुदायाच्या हितावर होण्याची शक्यता असेल, तर त्या समुदायाला आरंभापासून सहभागी करून घ्यावे, असे ते सांगते. या धोरणाचे प्रशिक्षण ऑनलाइन आणि विनामूल्य आहे; अर्ज करण्यापूर्वीच ते पूर्ण करावे.

पण समुदायाच्या वतीने बोलतो कोण? इंडियन ॲक्टखाली निवडून आलेले बँड कौन्सिल, म्हणजे एकेका फर्स्ट नेशन गटाचे स्थानिक मंडळ, असते आणि अनेक ठिकाणी त्याहून कितीतरी जुनी वंशपरंपरागत व्यवस्था असते. ब्रिटिश कोलंबियातील वेटसुवेटेन प्रदेशातून जाणाऱ्या गॅसवाहिनीच्या वेळी निवडून आलेल्या कौन्सिलांनी कंपनीशी करार केले, तर वंशपरंपरागत प्रमुखांनी विरोध केला. २०२० च्या आरंभी त्यांच्या पाठिंब्यासाठी देशभर रेल्वे अडवली गेली. १९९७ च्या डेलगमूक खटल्यात भूमीचा दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले गिट्‌क्सान आणि वेटसुवेटेन लोक याच वंशपरंपरागत व्यवस्थेच्या नात्याने उभे होते, आणि त्याच निकालाने मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून स्थान दिले. गिट्‌क्सान परंपरेत एखादी कुळकथा त्या घराण्याची मालमत्ता असते. ती सांगण्याचा अधिकार कौन्सिल तुम्हाला देऊ शकत नाही.

म्हणून 'या विषयावर बोलण्याचा अधिकार तुमच्याकडे कोणाला आहे?' हा तुमचा पहिला प्रश्न असावा. उत्तर विषयागणिक बदलेल : शाळेच्या नोंदींसाठी एक, गाण्यासाठी दुसरे, भूमीच्या नकाशासाठी तिसरे. मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेशी ज्यांनी काम केले आहे, त्यांना सरपंचाची सही आणि गावाचे मत यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

अर्जाच्या टप्प्यावर पूर्ण परवानगी हातात असावी, अशी अपेक्षा सहसा नसते. ओळख झाली आहे, बोलणे सुरू आहे आणि समुदायाच्या सूचनेने प्रश्न बदलण्याची तयारी आहे, एवढे प्रामाणिकपणे दाखवावे. पुण्यातून किंवा नागपुरातून बँड कार्यालयाला थेट ई-मेल पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये. घरे, पाणी आणि जमिनीचे दावे सांभाळणारी ती छोटी कार्यालये असतात. ओळख यजमान विभागामार्फतच व्हावी.

९. मी कोणाची मुलाखत घेणार नाही, फक्त अभिलेखागारात बसणार आहे. तरीही वरचे नियम लागू होतात का?

जे दस्तऐवज कायदेशीररीत्या सर्वांना खुले आहेत, त्यांच्या वापरासाठी विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी सामान्यतः लागत नाही. तरीही निष्कर्षांचा परिणाम एखाद्या समुदायाच्या ओळखीवर किंवा वारशावर होऊ शकतो, म्हणून जाणकारांचा सल्ला घ्यावा, असे प्रश्न ८ मधील नीतिधोरणाचे नववे प्रकरणच सुचवते.

ऑटवाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागारात इंडियन खात्याच्या नोंदी 'आरजी १०' या संग्रहात आहेत. त्यांत करारनिधीच्या वाटपयाद्या सापडतात : कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातील पुरुष, स्त्रिया आणि मुले यांची संख्या आणि दिलेली रक्कम. प्रेअरीतील फर्स्ट नेशन्सशी सरकारने केलेल्या 'क्रमांकित' करारांनुसार माणशी वर्षाला पाच डॉलर देण्याचे ठरले आणि ते आजही पाचच आहेत. अशा यादीत एखाद्या वर्षी मुलांच्या रकान्यातील आकडा एकाने कमी झालेला दिसतो. तुमच्यासाठी तो आकडा असेल. त्या आडनावाच्या आजच्या कुटुंबासाठी ते घरातले मूल असते, आणि ते कोठे गेले हे कदाचित त्यांनाही कोणी सांगितलेले नसते. अशी नावे छापण्याआधी कुटुंबाला किंवा समुदायाला कळवणे नियमाने बंधनकारक असो वा नसो, आमच्या मते ते टाळता येणार नाही.

निवासी शाळांच्या काही नोंदींवर प्रवेशबंधने आहेत. ती वेळेत उठतील असे गृहीत धरून आराखडा बांधू नये.

१०. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि माहिती कोणाच्या मालकीची असते?

फर्स्ट नेशन्सच्या बाबतीत 'ओकॅप' नावाची चार तत्त्वे मानली जातात : मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि ताबा. समुदायाविषयीची माहिती समुदायाची आहे, ती कशी वापरायची हे त्याने ठरवावे आणि ती त्याच्या हाती असावी, असा त्यांचा आशय आहे. इन्युइटांची भूमिका त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या संशोधन-धोरणात मांडलेली आहे आणि मेटी संघटनांचे आपापले नियम आहेत; एकाचे तत्त्व दुसऱ्याला आपोआप लागू होते असे समजू नये.

व्यवहारात हे एका लेखी संशोधन-कराराने ठरते. मूळ ध्वनिफिती कोठे राहतील, प्रकाशनापूर्वी मसुदा कोण वाचेल, मतभेद झाला तर काय करायचे आणि फेलोशिप संपल्यावर प्रती कोणाकडे जातील, हे त्यात असावे. तुमच्या यजमान विद्यापीठाची माहिती खुली ठेवण्याची अट या कराराशी विसंगत असेल, तर ते सही करण्यापूर्वी दोन्हीकडे सांगावे.

११. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात काम करायचे आहे. वेगळा परवाना लागतो का?

होय. नुनावुट, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि युकॉन या तिन्ही प्रदेशांत संशोधनासाठी प्रादेशिक कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो, आणि सामाजिक शास्त्रांनाही त्यातून सूट नाही. विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी ही त्याला पर्याय ठरत नाही, दोन्ही लागतात. स्थानिक संस्थांचे मत मागवले जात असल्याने वेळ लागतो. अनेक वस्त्यांना रस्ता नाही, विमानानेच जावे लागते, म्हणून प्रवास, निवास, दुभाषा आणि ज्येष्ठांचे मानधन यांची तरतूद अंदाजपत्रकात स्पष्ट दाखवावी.

१२. मी स्वतः गोंड (भिल्ल, वारली, कातकरी) आहे. मूलनिवासींसाठी राखीव असलेल्या फेलोशिपला मी अर्ज करू शकतो का?

जाहिरातीतील व्याख्येवर हे ठरते. बहुतेक राखीव फेलोशिप कॅनडातील फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी यांच्यासाठीच असतात. काही जाहिरातींत जगातील कोणत्याही मूलनिवासी समूहाचे अभ्यासक अपेक्षित असतात. तेथे तुम्ही अवश्य अर्ज करावा. जाहिरात संदिग्ध असेल, तर लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

येथे एक गुंता आहे. मूलनिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले, पण स्वातंत्र्यानंतर भारतातील सर्वच जनता मूलनिवासी आहे, अशी भूमिका घेऊन. कॅनडाने तेव्हा विरोधी मत दिले आणि २०२१ मध्ये त्याच जाहीरनाम्याच्या अंमलबजावणीचा कायदा केला. भारताची भूमिका अशी असल्याने आपल्या अनुसूचित जमातीच्या दाखल्यावर 'मूलनिवासी' असा उल्लेख नसतो आणि परदेशी कार्यालयाला तो दाखला काय सिद्ध करतो हे समजत नाही. दाखला, त्याचे इंग्रजी भाषांतर आणि तुमच्या समाजाशी असलेल्या तुमच्या चालू नात्याबद्दल अर्धे पान असे तिन्ही जोडावे. या अर्ध्या पानाला सर्वाधिक महत्त्व दिले जाते.

पडताळणीचा राग मानू नये. खोटी मूलनिवासी ओळख सांगून पदे मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर तेथील विद्यापीठांनी स्वयंघोषणेवर विसंबणे सोडले आहे. बोगस आदिवासींचा प्रश्न आणि जात वैधता प्रमाणपत्राची वणवण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दोन्ही बाजू ठाऊक असतात : खरा हक्कदार डावलला जातो म्हणून पडताळणी लागते, आणि पडताळणीच्या कागदांत खरा हक्कदारही अडकतो. खोट्या दाखल्यावर मिळवलेले लाभ टिकू शकत नाहीत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणांतच स्पष्ट केले आहे.

१३. मी मूलनिवासी नाही आणि माझाही देश ब्रिटिशांची वसाहत होता. मग मला तेथे 'सेटलर' (दुसऱ्याच्या भूमीवर येऊन वसलेला) का म्हटले जाते?

वसाहतीच्या आठवणीने आलेली सहानुभूती खरी असते, पण कॅनडात राहायला जागा मिळते ती मूलनिवासींकडून घेतलेल्या भूमीवर, आणि ती आपल्याला देणारी सत्ता तीच असते. १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' जहाजातील प्रवाशांना व्हँकूवरच्या बंदरातून परतवून लावणारे राज्य आणि त्याच काळात मूलनिवासी मुलांना शाळेत डांबणारे राज्य एकच होते. आज मात्र आपल्यासारखे उच्चशिक्षित भारतीय त्या राज्याचे निमंत्रित असतात. या बदललेल्या जागेची जाणीव आराखड्यात एका परिच्छेदात, अपराधीपणाचे प्रदर्शन न करता, मांडावी. आपल्याकडे आदिवासी पाड्यावर जाणाऱ्या सवर्ण संशोधकाला जात विसरून चालत नाही, तसेच हे आहे.

१४. व्हिसा कोणता लागतो? कुटुंबाला नेता येते का?

पोस्टडॉक्टरल फेलो विद्यार्थी धरला जात नाही, म्हणून स्टडी परमिट नव्हे, वर्क परमिट लागते. स्थानिक उमेदवार मिळत नसल्याचा दाखला मिळवण्याच्या अटीतून या गटाला सूट आहे. विद्यापीठ नोकरीचा प्रस्ताव इमिग्रेशन खात्याच्या पोर्टलवर नोंदवते आणि त्याचा क्रमांक तुम्हाला देते. पदवी पूर्ण झाल्याचा पुरावा जोडावा लागतो (प्रश्न ३). जोडीदाराच्या वर्क परमिटचे नियम जानेवारी २०२५ पासून कडक झाले आहेत, तेव्हा कुटुंबाचे नियोजन करण्याआधी खात्याची ताजी माहिती पाहावी.

१५. क्री किंवा इनुक्टिटुट यांसारखी मूलनिवासी भाषा यायलाच हवी का?

अर्जासाठी नाही. पण कॅनडात सत्तरहून अधिक मूलनिवासी भाषा आहेत, आणि ज्या समुदायासोबत काम करायचे त्याच्या भाषेचा किमान एक अभ्यासक्रम पहिल्याच सत्रात घ्यावा.

१६. फेलोशिप मिळाली आणि समुदायाने नकार दिला, तर काय?

नकार देणे हा त्यांचा हक्क आहे आणि तो कारण न देताही बजावता येतो. अशा वेळी यजमान प्राध्यापक आणि निधी देणारी संस्था यांना लगेच कळवावे. विषय बदलण्याची परवानगी वेळेत मागितली तर बहुधा मिळते. म्हणूनच आराखड्यात आधीपासून दुसरी वाट ठेवावी. सर्वांत सुरक्षित दुसरी वाट म्हणजे राज्ययंत्रणेचाच अभ्यास : खात्याचा पत्रव्यवहार, संसदेतील चर्चा, न्यायालयीन निकाल. चिकित्सक राष्ट्र-अभ्यासाचे ते मूळ क्षेत्रच आहे.

याला एक अपवाद आहे. सरकारे, सार्वजनिक संस्था किंवा सत्ताधारी व्यक्ती यांच्या वर्तनाची चिकित्सा करणाऱ्या संशोधनाला नेत्यांची संमती नसतानाही वाव असू शकतो, हे नीतिधोरणाचे नववे प्रकरण (प्रश्न ८) मान्य करते. नाहीतर ज्यांच्यावर प्रश्न विचारायचे त्यांच्याच हाती नकाराधिकार गेला असता. पण हा अपवाद सामान्य लोकांच्या नकारावर मात करण्यासाठी वापरता येत नाही, आणि नीतिसमितीपुढे तो सविस्तर सिद्ध करावा लागतो.

१७. हे काम मराठीत प्रसिद्ध करता येईल का? त्याची दखल घेतली जाते का?

करता येते आणि करावे. निवड समित्या ज्ञानप्रसाराच्या योजनेला गुण देतात, आणि मराठीतील लेख किंवा व्याख्यान त्या योजनेत नेमक्या वाचकवर्गासह लिहिले तर त्याची दखल घेतली जाते. मात्र संशोधन-करारात (प्रश्न १०) भाषांतराचा उल्लेख असावा लागतो, कारण मुलाखत देणाऱ्याने इंग्रजी मसुद्याला दिलेली संमती मराठी मजकुराला आपोआप लागू होत नाही, आणि मराठी मजकूर त्याला स्वतःला तपासता येत नाही. त्यासाठी मराठी लेखाचे इंग्रजी उलट-भाषांतर त्याच्याकडे पाठवून मान्यता घ्यावी आणि तेवढा वेळ प्रकाशनाच्या वेळापत्रकात आधीच धरावा. ज्या गोष्टी समुदायाने बाहेर सांगू नयेत असे सांगितले आहे, त्या 'मराठीत कोण वाचणार' असे म्हणून छापू नयेत; कॅनडात मराठी वाचणारे पुष्कळ लोक राहतात.